समाजकार्याच्या नावाने ऑनलाइन जुगार : आंबेडकरी तरुणांनी भूमिका घ्यायलाच हवी

जयंतीच्या तयारीची बैठक होती. कोल्हापुरातल्याच एका वस्तीतले समाजमंदिर. विषय अभ्यासिकेसाठी पैसा कुठून आणायचा हा. स्पर्धा परीक्षेचा, पोलीस भरतीचा अभ्यास करणारी पोरे-पोरी तिथे रात्री अकरापर्यंत बसतात. पंखे दोन, त्यातला एक बंद. लाईट गेली की सगळे मोबाईलच्या उजेडात वाचतात. अशा वेळी आमच्यातल्या एका हुशार, मेहनती कार्यकर्त्याने तोडगा मांडला, ऑनलाइन हाऊजी. एक ॲप आहे, तिकीट ५० रुपयांचे, क्यूआर कोडवर पैसे भरायचे, दर रविवारी रात्री मोबाईलवरच आकडे निघणार. निम्मे पैसे बक्षिसाला, ॲपवाल्याचा वाटा २० टक्के, उरलेले अभ्यासिकेला. "दादा, वर्गणी म्हटले की लोक दार लावतात. बक्षीस म्हटले की पन्नास रुपये सहज निघतात," असे तो म्हणाला.

खोटे बोलत नव्हता तो. म्हणूनच या विषयावर सविस्तर लिहिणे भाग आहे.

आधी हिशेब बघू. तो आम्ही त्याच बैठकीत अभ्यासिकेच्या फळ्यावर खडूने मांडला. ५०० जणांनी दर आठवड्याला ५० रुपये दिले तर २५,००० रुपये जमा होतात. त्यातले १२,५०० बक्षिसात गेले, ५,००० ॲपवाल्याने नेले, अभ्यासिकेला उरले ७,५००. पन्नास आठवड्यांत वस्तीच्या खिशातून निघणार साडेबारा लाख आणि अभ्यासिकेला मिळणार पावणेचार लाख. अडीच लाख तर वस्तीबाहेर, कुठल्या शहरात कोण बसला आहे हे माहीत नसलेल्या माणसाच्या खात्यात. आता उलटा हिशेब करा. तेवढेच ७,५०० रुपये तेच ५०० जण सरळ देणार असतील तर प्रत्येकाला आठवड्याला फक्त १५ रुपये पडतात. एका चहाचे पैसे!

फळ्याकडे बघत एक मावशी म्हणाल्या, "दारात जाऊन वर्गणी मागायची लाज वाटतीय व्हय रं पोरांनो? मग जयंती कशाला करताय?" सभागृह हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांगल्या कामाला पैसा उभा राहत असेल तर जुगार चालतो का, हाच तो प्रश्न. माझे उत्तर स्पष्ट आहे. चालत नाही. आणि सरकारच्या नियमांतही असल्या 'समाजकार्याला' कुठे वाट राहता कामा नये.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ तारखेला राज्यसभेत विधेयक मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो वा कौशल्याचा, या कायद्याने बंद ठरवला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला पीडित मानले आहे. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि त्यांचे २०,००० कोटींहून अधिक रुपये बुडतात, असा सरकारचाच अंदाज होता.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कायद्याच्या व्याख्येत जमलेला पैसा कशासाठी वापरणार हे विचारलेलेच नाही. मंदिरासाठी, विहारासाठी, अनाथाश्रमासाठी किंवा अभ्यासिकेसाठी असला तरी पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ तो खेळच. म्हणजे त्या रात्री आमचे मंडळ ज्याला 'उपक्रम' म्हणत होते, तो तीन वर्षांच्या कैदेचा विषय होता. हे बैठकीत कुणालाच माहीत नव्हते.

तरीही फटी आहेत. ॲप न वापरता व्हॉट्सॲपच्या गटात आकडे टाकून हाऊजी खेळवली तर? बक्षीस रोख न देता मोबाईल किंवा गाडी दिली तर? 'तिकीट' न म्हणता 'देणगी' म्हटले आणि देणगीदारांतून 'भाग्यवान' काढला तर? आपल्या राज्याचा जुगार प्रतिबंध कायदा १८८७ चा आहे. तो जुगाराचा अड्डा शोधतो, घर शोधतो, भिंती शोधतो. मोबाईलला भिंती नाहीत. दानाचा मुलामा दिलेला जुगार नेमका याच फटीतून आत येतो. केंद्राचे मोठे ॲपवाले ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे खेळ बंद करून मोकळे झाले. पण गल्लीतल्या गटात, ओळखीच्या माणसाच्या नावावर, 'चांगल्या कामासाठी' चालणारा खेळ कोण बंद करणार?

बाबासाहेबांनी ही नोंद घटनेत का ठेवली?

आपल्यातले काही जण म्हणतील, जुगारावर कायदा कशाला, ज्याचा त्याचा प्रश्न. त्यांनी सप्टेंबर १९४९ ची संविधान सभेतली चर्चा वाचावी. राज्यांच्या अधिकारांच्या यादीत 'पैज आणि जुगार' ही नोंद होती. शिब्बनलाल सक्सेना, लक्ष्मीनारायण साहू यांच्यासारख्या सदस्यांना ती खटकली. भारताच्या घटनेत जुगाराचे नाव कशाला, असा त्यांचा सूर होता. बाबासाहेबांचे उत्तर वकिली आणि व्यवहारी होते. ही नोंद काढली तर जुगारावर राज्यांचे कसलेच नियंत्रण राहणार नाही, असे त्यांनी सांगितले. या नोंदीच्या आधारे राज्य परवानगीही देऊ शकते आणि बंदीही घालू शकते, पण नोंदच नसेल तर राज्य हतबल होईल. आज ती नोंद राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे.

यातून शिकायचे काय? डोळे मिटून घेतल्याने जुगार नाहीसा होत नाही. त्याला कायद्याच्या कक्षेत आणावे लागते. बाबासाहेबांनी राज्याच्या हातात लगाम दिला. तो लगाम कुणाच्या हितासाठी ओढायचा हे ठरवणे ही आपली राजकीय जबाबदारी आहे.

हा लगाम पहिल्यांदा जोरात ओढला गेला तो आपल्याच मुंबई राज्यात. आर.एम.डी.सी. नावाने चालणाऱ्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा तेव्हा जोरात होत्या. त्यांचे वर्तमानपत्र छापले जायचे बंगळुरूत आणि पैसे यायचे मुंबई राज्यातून. आम्ही बाहेरचे, तुमचा कायदा आम्हाला कसा लागू, असा त्यांचा दावा. आजचा ॲपवाला सर्व्हरचे कारण सांगतो, तोच हा युक्तिवाद. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या बाजूने निकाल दिला आणि जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण मिळू शकत नाही असे ठरवले. म्हणजे जुगार चालवणे हा कुणाचा हक्क नाही. चांगल्या कामाची पाटी लावली म्हणून तो हक्क होत नाही.

'चांगल्या कामासाठी' हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे

समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला केरळचा आहे, म्हणून तोच आधी घेऊ. केरळ सरकारने २०११ मध्ये अर्थमंत्री के. एम. मणी यांच्या काळात 'कारुण्य' लॉटरी सुरू केली. तिच्या उत्पन्नातून कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाच्या गरीब रुग्णांना उपचारासाठी मदत मिळाली. अनेकांचे जीव वाचले, हे मान्य करायला हवे. पण विचारा, तिकीट कोण घेतो? बसस्टँडवर, बाजारात, रोजंदारीवरून परतताना घेतो तो माणूस. म्हणजे एका गरिबाच्या हरण्यावर दुसऱ्या गरिबाचे ऑपरेशन झाले. ज्याच्याकडे बंगला आहे, त्याच्यावर या ऑपरेशनचा भार किती आला? आरोग्य ही सरकारची जबाबदारी, तिचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात करातून यायला हवा. लॉटरी हा उलटा कर आहे. जितका गरीब, जितका अगतिक, तितका जास्त भरणारा.

ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांना लॉटरी चालवायला कायद्याने परवानगी आहे. तिथे नियम असा की जमलेल्या पैशातला किमान २० टक्के वाटा संस्थेच्या कामाला गेला पाहिजे. किमान २०! इतक्या शिस्तीच्या देशात कायद्याने मागितलेला वाटा शंभरातला वीस. आमच्या फळ्यावर निदान तीस तरी होते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. तिथे दारूच्या गुत्त्यांत क्लब आणि धर्मादाय संस्था कागदी चिठ्ठ्या फाडून बघायचा जुगार चालवत. २०१२ मध्ये त्या चिठ्ठ्या टॅबलेटच्या पडद्यावर आणायला परवानगी दिली गेली. कारण? व्यावसायिक फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियममधला राज्याचा वाटा त्यातून येणाऱ्या कराने भरायचा होता! नाव धर्मादायाचे, बांधले स्टेडियम. पुढे हे पडद्यावरचे खेळ कॅसिनोतल्या यंत्रासारखे चालू लागले. एका बोटाने सगळ्या चिठ्ठ्या उघडायची सोय त्यात होती. ती बंद करायला २०२३ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. कागदाची चिठ्ठी आणि पडद्यावरची चिठ्ठी यांतला फरक हाच. कागदाला वेळ लागतो, हात लागतो, समोर माणूस लागतो. पडदा थांबत नाही.

आपल्या शेजारी गोवा आहे. १९९२ मध्ये तिथे कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट दिली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना. आणि २०२० मध्ये त्याच सरकारने गोंयकारांना कॅसिनोत जायला बंदी केली. अर्थ सरळ आहे. आमच्या पोरांनी यात पडू नये, कोल्हापूर-बेळगावच्या पोरांनी पडावे! महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा कधी वापरला नाही, पण तो रद्द करायला २०२३ उजाडले. राज्याची स्वतःची लॉटरी मात्र १९६९ पासून चालू आहे. बेकायदा जुगाराला पर्याय आणि विकासाला पैसा, असे त्याचे समर्थन होते. ५५ वर्षांहून जास्त काळ झाला. मटका संपला का?

हरतो कोण?

जुगाराला जात नसते असे म्हणतात. पण कर्जाला जात असते. ज्याच्या बापाची शेती आहे, दुकान आहे, तो हरला तर घर सावरते. एमआयडीसीत कंत्राटावर बारा तास उभा राहणारा आपला पोरगा हरला तर थेट मोबाईलवरचे कर्ज देणारे ॲप गाठतो, आणि मग त्याच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना वसुलीवाल्यांचे फोन जातात.

आमच्याच अभ्यासिकेतला एक मुलगा. शिष्यवृत्तीचे पैसे वर्षभर अडकले होते. एके दिवशी सगळे एकदम खात्यात आले. ज्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, त्याच मोबाईलवर पैसे पाठवायचे ॲप आणि त्याच मोबाईलवर रमी. फी भरायच्या आधी तीन रात्रींत निम्मे पैसे गेले. महिनाभर तो अभ्यासिकेकडे फिरकला नाही, कारण मित्रांचेही पैसे घेतले होते. बाबासाहेबांनी लढून मिळवलेल्या हक्काचे पैसे होते ते! अशा मुलाच्या अभ्यासिकेसाठी त्याच मोबाईलवर हाऊजी चालवायची? दारूबंदीच्या मेळाव्याचा खर्च गुत्तेवाल्याकडून घेण्यासारखे आहे हे.

कौशल्याच्या खेळाचा युक्तिवादही आपण नीट ओळखला पाहिजे. कंपन्या वर्षानुवर्षे न्यायालयात सांगत आल्या की हा जुगार नाही, कौशल्य आहे. म्हणजे तू हरलास तर दोष तुझा, तुझ्यात कौशल्य नाही. हे कुठेतरी ऐकल्यासारखे वाटते ना? 'मेरिट'वाल्यांचीही हीच भाषा. पत्ते वाटणारा, नियम ठरवणारा, प्रत्येक डावावर वाटा घेणारा तो, आणि हरल्याची जबाबदारी मात्र आपली.

आपल्याला दान हवे की हक्क?

मुळावर येऊ. अभ्यासिकेला पैसा नाही, हे आपले नशीब आहे का? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जातींसाठीचा निधी दुसरीकडे वळू नये म्हणून शेजारच्या कर्नाटकाने २०१३ मध्येच कायदा केला. निपाणीला जाऊन विचारा. महाराष्ट्रात आपले कार्यकर्ते अशा कायद्याची मागणी करून थकले. एकीकडे शेकडो कोटी हातातून जातात आणि दुसरीकडे आपण ५० रुपयांचे तिकीट विकून पंखे आणायला निघतो! हाऊजीच्या नादात आपण सरकारला मोकळे सोडतो, हे माझे सर्वांत मोठे दुखणे आहे.

ही भूमी शाहू महाराजांची आहे. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले ते दरबाराच्या पाठबळावर. शिक्षण हे राज्याचे कर्तव्य मानले गेले म्हणून. माणगाव परिषद याच मातीत मार्च १९२० मध्ये झाली. १९३२ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अस्पृश्यता निवारणाची संस्था निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी जहाजावरून ठक्कर बाप्पांना पत्र लिहून कळवले की आधी नागरी हक्कांसाठी आणि समान संधीसाठी लढा. दयेच्या कामांवर त्यांचे समाधान होणारे नव्हते. आपण त्यांच्या नावाने दया गोळा करायची आणि तीही जुगारातून?

आणि तथागतांचे काय? दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगतात. जिंकला तर वैर वाढते, हरला तर शोक होतो, धन जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, लग्नासाठी कुणी मुलगी देत नाही. यातला एकही तोटा पैसा चांगल्या कामाला गेला म्हणून कमी होत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : बंदी घातली की खेळ लपूनछपून चालतो. खरे आहे. म्हणूनच मी नुसती बंदी मागत नाही, नियम, हिशेब आणि व्यसनातून बाहेर येणाऱ्यांना आधारही मागतो. पण लपून चालणे आणि समाजमंदिराच्या फलकावर, बाबासाहेबांच्या फोटोखाली चालणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण त्याला प्रतिष्ठा देऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप : लोक वर्गणी देत नाहीत. का देत नाहीत हे आधी आरशात बघून विचारू. किती मंडळे जयंतीनंतर आठ दिवसांत हिशेब फलकावर लावतात? डीजेवर किती आणि पुस्तकांवर किती, हे किती जण सांगतात? विश्वास आटला म्हणून वर्गणी आटली. त्यावर उपाय हाऊजी नाही, हिशेबाची वही आहे.

मागण्या

१. ऑनलाइन गेमिंग कायद्याच्या नियमांत धर्मादाय, धार्मिक किंवा सामाजिक कामासाठी कसलीही सूट नको. 'देणगी'च्या नावाने चालणारी ऑनलाइन सोडत आणि व्हॉट्सॲप गटातली पैशांची हाऊजी कशात मोडते, हे साध्या मराठीत लिहून जाहीर करा.

२. १८८७ चा राज्याचा जुगार कायदा मोबाईलच्या काळाला धरून नव्याने लिहा. शिक्षा चालवणाऱ्याला, खेळणाऱ्या गरिबाला नाही.

३. उत्सवासाठी, जयंतीसाठी वर्गणीची परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मिळते. त्या अर्जातच पैसा कोणत्या मार्गाने जमवणार हे लिहून घ्या आणि हिशेब सर्वांना बघता येईल असा ठेवा.

४. राज्य लॉटरीची विक्री, बक्षिसे, कमिशन आणि प्रत्यक्ष लोककल्याणावर गेलेला पैसा यांचा जिल्हावार हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करा.

५. लॉटरी आणि जुगारावरच्या करातून व्यसनमुक्ती, समुपदेशन आणि कर्जात बुडालेल्यांसाठी कायदेशीर मदत केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात सुरू करा. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग हवा.

६. अनुसूचित जातींच्या निधीचे संरक्षण करणारा कायदा महाराष्ट्रात करा. तो झाला तर अभ्यासिकेसाठी कुणाला तिकिटे विकावी लागणार नाहीत.

सरकारकडे मागण्याआधी आपल्या घरापासून सुरुवात करू. प्रत्येक जयंती मंडळाने ठराव करावा की पैसे लावून खेळायच्या कोणत्याही ऑनलाइन खेळातून किंवा असल्या कंपनीच्या प्रायोजकत्वातून एक रुपयाही घेणार नाही. कार्यक्रमात लहान मुलांसाठी समोरासमोर चिठ्ठ्या काढून वह्या-पेन वाटले, तिकीट नाही, पैसा नाही, तर त्याला कुणाची हरकत असायचे कारण नाही.

आमच्या बैठकीचे काय झाले? हाऊजीचा प्रस्ताव मांडणाऱ्या त्याच कार्यकर्त्याने तो मागे घेतला आणि वर्गणीची वही स्वतःकडे घेतली. महिना ६० रुपये. पहिल्या महिन्यात ५०० घरे झाली नाहीत, निम्मीसुद्धा झाली नाहीत. पण दुसरा पंखा फिरायला लागला आणि हिशेबाचा कागद दारावर चिकटवला आहे. खाली त्या मावशींची सही आहे.

बिंदू चौकात जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे १९५० पासून उभे आहेत, बाबासाहेबांच्या हयातीतले. त्यांच्यासमोर उभे राहून ज्या पैशाचा हिशेब छाती काढून सांगता येईल, तेवढाच पैसा चळवळीला लागतो. बाकीचा नको.

जय भीम! जय शाहू!